सिग्नल ॲपचा रिव्ह्यू, कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या पॅटर्न शॉपमधून

मंडळी, बरेच जण विचारतात की तुमच्या शॉपमधल्या सगळ्यांच्या मोबाईलवर ते निळं सिग्नल ॲप कशाला असतंय, व्हॉट्सॲप काय वाईट आहे काय. म्हणून जरा सविस्तर लिहितोय. यात ॲपबद्दल जेवढं आहे तेवढंच ब्रायन ॲक्टनबद्दल पण येणार, कारण व्हॉट्सॲप काढणाऱ्या दोघांपैकी तो एक आणि पुढं सिग्नलला पैसा घालणारा पण तोच, आणि त्याची धंद्याबद्दलची मतं समजल्याशिवाय हे ॲप असं का बनलंय ते समजत नाही.

आधी आमचं काम सांगतो. आम्ही पॅटर्न करतो, लाकडी आणि अल्युमिनियमचे, सोबत कोअर बॉक्स, म्हणजे कास्टिंगच्या आतली पोकळी तयार करायचे साचे. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल तिन्हीकडच्या फाउंड्र्यांना, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यांना देतो. कास्टिंग ओतायच्या आधी वाळूत साचा उठवायला पॅटर्न लागतो आणि पॅटर्न करायला पार्टीचं ड्रॉइंग लागतंय. आणि ड्रॉइंगमध्ये सगळंच आलं की, पार्ट कुठल्या गाडीचा, भिंतीची जाडी किती, मशीनिंग अलाउन्स (नंतर मशीनवर कापायला ठेवलेली जादा जाडी) किती सोडलाय, मटेरियलचा ग्रेड कुठला, रिव्हिजन (ड्रॉइंगची सुधारित आवृत्ती) कितवी. हे ड्रॉइंग आमचं नसतं, फाउंड्रीचं पण नसतं, ज्या कंपनीचा पार्ट तिचं असतंय, आणि आमच्यापर्यंत पोचेस्तोवर ते चार मोबाईलमधून फिरलेलं असतं. फाउंड्रीचे परचेसवाले साहेब ग्रुपवर टाकणार, तिथनं सुपरवायझर आमच्या ग्रुपवर टाकणार, तिथनं आमचा पोरगा व्हीएमसीवाल्याला (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग मशीनवाल्याला) फॉरवर्ड करणार. कोल्हापूरचं जॉबवर्क पिढ्यान्‌पिढ्या विश्वासावर चाललंय आणि चांगलं चाललंय, पण विश्वास माणसावर असतो, फॉरवर्डच्या बटणावर कोण ठेवणार. एका पार्टीनं ऑर्डर देतानाच स्पष्ट सांगितलं की आमचं ड्रॉइंग कुठल्याही ग्रुपवर दिसता कामा नये. त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. तिथनं आमच्याकडं सिग्नल आलं.

आता एक गोष्ट आधीच क्लिअर करतो कारण यावर लई गैरसमज आहेत. व्हॉट्सॲपवरचे मेसेज कंपनी वाचते असं सरसकट म्हणणं चूक आहे. व्हॉट्सॲपमध्ये एप्रिल २०१६ पासून सगळ्या चॅटला एंड टू एंड एन्क्रिप्शन आहे, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून मधल्या कुणालाच मेसेज वाचता येत नाही, आणि ते चालतं सिग्नल प्रोटोकॉलवरच, म्हणजे ज्या लोकांनी सिग्नल केलं त्यांचंच काम तिथं पण वापरलंय. मेसेजचं कुलूप दोन्हीकडं एकाच घराण्याचं. मग फरक कशात आहे? तर मेसेजच्या आत काय आहे ते सोडून बाकीच्या माहितीत. कोण कुणाशी बोलतंय, कधी, किती वेळा, कुठल्या ग्रुपात कोण कोण आहे, ही माहिती त्या कुलपात येत नाही. आणि धंद्यात खरी बातमी तीच असते हो. एखाद्या फाउंड्रीचे साहेब अचानक एका नवीन पॅटर्नवाल्याशी दिवसातनं दहा वेळा बोलायला लागले तर काय चाललंय ते मेसेज न वाचता पण कळतं. आमच्या गुजरीत, सराफ बाजारात बघा, सोन्याचा भाव बोर्डावर लावतात पण कोण कुणाकडनं माल उचलतो ते कुणी सांगत नाही.

सिग्नल ही माहितीच साठवत नाही. हे नुसतं ते म्हणतात म्हणून नाही, २०१६ मध्ये अमेरिकेत व्हर्जिनियातल्या ग्रँड ज्युरीनं (गुन्ह्याचे पुरावे तपासणारं नागरिकांचं मंडळ) त्यांच्याकडं एका खात्याची माहिती मागितली तेव्हा त्यांच्याकडं द्यायला दोनच गोष्टी निघाल्या, खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी कनेक्ट झालं. नाव नाही, कॉन्टॅक्ट नाहीत, ग्रुप नाहीत. जे ठेवलंच नाही ते देणार कुठनं, आणि चोरीला तरी काय जाणार. मला या ॲपमधलं सगळ्यात भारी काय वाटत असेल तर हेच.

आता ॲक्टनकडं येतो. माणूस स्टॅनफर्डमधनं कॉम्प्युटर सायन्स करून याहूत बरीच वर्षं काम केलेला. २००९ मध्ये फेसबुकनं त्याला नोकरी नाकारली, ट्विटरनं पण नाकारली, हे त्यानं स्वतः तेव्हा ट्विटरवर लिहिलंय. त्याच वर्षी जॅन कूमनं व्हॉट्सॲप सुरू केलं आणि ॲक्टन त्यात आला. कूमच्या टेबलावर ॲक्टनच्या हातची एक चिठ्ठी असायची, जाहिरात नाही, गेम नाही, गिमिक नाही. त्यांचं मॉडेल एकदम साधं, पहिलं वर्ष फुकट आणि नंतर वर्षाला एक डॉलर. फेसबुकनं २०१४ मध्ये १९ अब्ज डॉलरला कंपनी घेतली तेव्हा व्हॉट्सॲपचे ४५ कोटी युजर होते आणि इंजिनिअर फक्त बत्तीस. आमच्यासारख्या छोट्या शॉपवाल्याला हा आकडा लई काही सांगून जातो, बत्तीस माणसांत जगभराचे मेसेज पोचवणं हे काय फीचर वाढवून होत नाही, नको ते काढून टाकलं म्हणूनच होतंय. ॲक्टनचं इनोव्हेशनबद्दलचं मत मी तरी असंच वाचतो, की एक काम घ्यायचं आणि ते असं करायचं की साध्यातल्या साध्या फोनवर कमी नेटवर्कमध्ये पण चाललं पाहिजे. आज व्हॉट्सॲप उघडलं की चॅनेल आहेत, एआयचं गोल आहे, आणि जून २०२५ मध्ये तर अपडेट्सच्या टॅबमध्ये जाहिराती आणायचं पण जाहीर झालं. ती चिठ्ठी आठवली की वाईट वाटतं.

फेसबुकमध्ये गेल्यावर ॲक्टनचं बिनसलं ते पैसे कसे मिळवायचे यावरनं. एक डॉलरची वर्गणी जानेवारी २०१६ मध्ये बंद केली, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पॉलिसी बदलून युजरचे फोन नंबर फेसबुकशी शेअर करायचं ठरलं. २०१७ मध्ये युरोपियन कमिशननं फेसबुकला ११ कोटी युरोचा दंड केला, कारण कंपनी विकत घेताना दोन्हीकडची खाती जोडता येणार नाहीत अशी चुकीची माहिती दिली होती. ॲक्टनचा स्वतःचा प्रस्ताव वेगळा होता. ठरावीक मोठ्या संख्येपर्यंत मेसेज फुकट द्यायचे आणि त्याच्या पुढं मेसेजमागं सेंटचा दहावा हिस्सा घ्यायचा. वरनं उत्तर आलं की हे मोठ्या प्रमाणावर चालणार नाही. हे सगळं त्यानं २०१८ मध्ये फोर्ब्सला मुलाखत देऊन सांगितलंय. त्यात त्यानं हे पण कबूल केलंय की कंपनी विकताना मी माझ्या युजरची प्रायव्हसी विकली आणि ते घेऊनच रोज जगतोय. २०१७ मध्ये तो बाहेर पडला तेव्हा अजून न मिळालेले सुमारे ८५ कोटी डॉलरचे शेअर सोडून गेला. कुणी म्हणेल आधीच अब्जाधीश झालेल्या माणसाला काय फरक पडतोय, आणि त्यात तथ्य पण आहे, पण ८५ कोटी डॉलर समोर ठेवलेले असताना उठून जाणारी माणसं मला तरी फार माहीत नाहीत. फेब्रुवारी २०१८ मध्ये त्यानं सिग्नल बनवणाऱ्या मॉक्सी मार्लिनस्पाईकबरोबर सिग्नल फाउंडेशन काढलं आणि ५ कोटी डॉलर घातले. ना नफा संस्था, मालक नाही, शेअर नाही, त्यामुळं कुणी विकत पण घेऊ शकत नाही. व्हॉट्सॲपच्या वेळी जे झालं ते परत होऊ नये याची सोय त्यानं कागदावरच करून ठेवली, आणि हीच गोष्ट मला त्याच्या बोलण्यापेक्षा मोठी वाटते.

मी त्याच्या मताशी सहमत आहे. ज्याचं गिऱ्हाईक पैसे देतं त्याचं काम गिऱ्हाइकासाठी चालतं, जॉबवर्कमध्ये आम्ही हेच बघतोय. पॅटर्नचे पैसे फाउंड्री देते म्हणून आमचं सगळं लक्ष फाउंड्रीला काय पाहिजे याच्यावर. उद्या मला कुणी म्हणालं की पॅटर्न फुकट दे, मी तुला दुसरीकडनं पैसे देतो, फक्त कुणाचं ड्रॉइंग कधी येतंय तेवढं सांगत जा, तर मी त्याला दारात उभा करणार नाही. मागं आम्ही एक फुकट बिलिंग ॲप वापरत होतो, नाव घेत नाही, ते टाकल्यापासनं बिझनेस लोनवाल्यांचे जे फोन सुरू झाले ते अजून बंद नाहीत, आणि फोन करणाऱ्याला आमची उलाढाल साधारण किती आहे ते माहीत असायचं. ॲक्टन जे म्हणतो ते तेव्हा मला नीट उमगलं.

आता वापरायला कसं आहे ते.

इन्स्टॉल करणं सोपं, मोबाईल नंबर आणि ओटीपी. भाषा मराठी निवडता येते, आमच्या म्हाताऱ्या मेस्त्रींनी तीच ठेवलीय. कॉलचा आवाज स्वच्छ येतो, मशीन चालू असताना पण बोलता येतं. कॉम्प्युटरवरचं ॲप चांगलं आहे, ड्रॉइंग मोठ्या स्क्रीनवर उघडायला तेच लागतं.

सेफ्टी नंबरची गोष्ट जरा निवांत सांगतो कारण ही कुणीच वापरत नाही आणि सगळ्यात कामाची आहे. प्रत्येक चॅटला ६० अंकी एक नंबर असतो, तुमच्या आणि समोरच्याच्या मेसेजच्या कुलपाच्या किल्ल्यांवरनं तयार झालेला. फाउंड्रीचे साहेब पॅटर्न बघायला शॉपमध्ये आले होते तेव्हा मी म्हटलं, साहेब तुमचा मोबाईल द्या जरा. त्यांच्या स्क्रीनवरचा क्यूआर कोड मी माझ्या मोबाईलनं स्कॅन केला, हिरवी टिक आली, व्हेरिफाइड. साहेब म्हणाले, "याचा उपयोग काय पण?" पुढं त्यांनी मोबाईल बदलला तेव्हा उपयोग दिसला. चॅटमध्ये आपोआप ओळ आली की सेफ्टी नंबर बदललाय, आणि पाठोपाठ त्यांचा मेसेज, नवीन रिव्हिजनचं मॉडेल परत पाठवा. आम्ही काही न पाठवता आधी साध्या फोनवर कॉल लावला, साहेबच होते, मग पाठवलं. दोन मिनिटांचं काम आहे. पण समजा साहेब नसते, कुणी त्यांचं सिम ड्युप्लिकेट काढून खातं उघडलं असतं, तर परक्या कंपनीचं मॉडेल कुठं गेलं असतं विचार करा.

दुसरी कामाची गोष्ट म्हणजे गायब होणारे मेसेज. लोकांना वाटतं हे भानगडीवाल्यांसाठी आहे. आम्ही ड्रॉइंगच्या चॅटला एक आठवड्याचा टायमर लावलाय आणि त्याचा फायदा प्रायव्हसीपेक्षा क्वालिटीला जास्त झालाय. पॅटर्नच्या धंद्यात सगळ्यात महागाची चूक कुठली, तर जुन्या रिव्हिजनवर काम करणं. मोबाईलमध्ये रिव्हिजन बी पण पडलेलं असतं, सी पण असतं, घाईत पोरगं वरचं उघडतं आणि बॉसचा (पार्टवरच्या गोल उंचवट्याचा) डाया दोन एमएमनं चुकतो, अख्खा ब्लॉक स्क्रॅप. आता आठवड्यानं जुनं आपोआप जातंय, मग ऑपरेटरला यावंच लागतं, "दादा, चालू ड्रॉइंग कुठलं ते द्या" म्हणून. एवढं मात्र लक्षात ठेवा की फाईल मोबाईलमध्ये वेगळी सेव्ह केली तर ती जात नाही, आणि समोरच्यानं दुसऱ्या मोबाईलनं स्क्रीनचा फोटो काढला तर जगातलं कुठलंच ॲप काही करू शकत नाही.

युजरनेम २०२४ मध्ये आलं, ते पण चांगलंय. आमच्या ऑफिसच्या ताई ट्रान्सपोर्टवाल्यांशी, नवीन सप्लायरशी बोलतात, आता स्वतःचा नंबर न देता नुसतं युजरनेम देतात. काम झालं की त्या माणसाला ब्लॉक करायचं आणि युजरनेम बदलून टाकायचं, मग संध्याकाळी सातनंतर नको त्या माणसाचे गुड इव्हनिंग येत नाहीत. बायकांनी निदान एवढ्यासाठी तरी बघावं हे ॲप.

आता कमतरता, त्या पण स्पष्ट सांगतो. फाईलची मर्यादा १०० एमबी. पीडीएफला काही अडचण नाही पण मोठ्या असेंब्लीची स्टेप फाईल (थ्रीडी मॉडेलची फाईल) यात बसत नाही, व्हॉट्सॲपवर २ जीबीपर्यंत जाते. इंजिनिअरिंगवाल्यांसाठी ही मोठी उणीव आहे. बॅकअप तर वर्षानुवर्षं दुखणं होतं, मोबाईल पडला पाण्यात की चॅट गेलं. सप्टेंबर २०२५ पासनं त्यांनी क्लाउड बॅकअप आणायला सुरुवात केली, मेसेज आणि शेवटच्या ४५ दिवसांचे फोटो फाईल फुकट, त्याच्यापेक्षा जास्त पाहिजे तर महिन्याला १.९९ डॉलर देऊन १०० जीबी. सिग्नलनं पहिल्यांदाच कशाचे तरी थेट पैसे मागितले आणि मला ते आवडलं, ॲक्टन जे व्हॉट्सॲपमध्ये करायला मागत होता ते थोडं का होईना इथं झालं. पण याची ६४ अक्षरी रिकव्हरी की असते आणि ती हरवली की कंपनी पण काही करू शकत नाही.

अजून एक. सर्व्हर भाड्याचेच आहेत, मोठ्या क्लाउड कंपन्यांचे. २० ऑक्टोबर २०२५ ला ऐन दिवाळीत ॲमेझॉनची क्लाउड सेवा कोलमडली तेव्हा सिग्नल पण बंद पडलं. कुणाच्या ताब्यात नसलेलं ॲप पण उभं दुसऱ्याच्या जागेवर, ही गोष्ट मला खटकते. आणि खर्च बघा, २०२३ मध्ये त्यांनी स्वतः हिशोब मांडला होता, नुसत्या ओटीपीच्या एसएमएसला वर्षाला ६० लाख डॉलर जातात, आणि २०२५ पर्यंत एकूण खर्च वर्षाला ५ कोटी डॉलरच्या घरात जाणार. हे देणगीवर चाललंय. ॲक्टनचं म्हणणं तत्त्वात बरोबर आहे, पण एका श्रीमंत माणसाचा पैसा आणि लोकांच्या देणग्या यावर असली सेवा किती लांब जाणार ही काळजी खरी आहे. म्हणून माझं म्हणणं, ज्यांचा धंदा यावर चालतो त्यांनी तरी पैसे द्यावेत. आपण टूल क्रिबच्या (हत्यारांच्या नोंदीच्या), कॅडच्या (ड्रॉइंगच्या), अकाउंटिंगच्या सॉफ्टवेअरचं भरतोच की.

सगळ्यात मोठी अडचण मात्र माणसांची. जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सॲपच्या फेसबुकशी माहिती शेअर करायच्या नव्या पॉलिसीचा गोंधळ झाला, इलॉन मस्कनं सिग्नल वापरा म्हणून लिहिलं, तेव्हा आपल्याकडं पण धडाधड डाउनलोड झालं आणि दोन महिन्यात परत सगळे व्हॉट्सॲपवर. त्याच पॉलिसीवरनं पुढं भारताच्या स्पर्धा आयोगानं नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला, म्हणजे नाव बदललेल्या फेसबुक कंपनीला, २१३.१४ कोटी रुपयांचा दंड केला, पण तोवर लोकांचा विषय संपला होता. आमचं पण गिऱ्हाइकांशी बोलणं, पेमेंटचे स्क्रीनशॉट, गणपतीची वर्गणी, सगळं व्हॉट्सॲपवरच आहे आणि राहणार. सिग्नलवर फक्त ड्रॉइंग, कोटेशन आणि पार्टीची नावं. अशी विभागणी केली तरच टिकतं, सगळंच हलवायला गेलात तर घरचेच आधी वैतागतील.

"आमच्याकडं लपवायला काय आहे" असं म्हणणारे भेटतात. अहो, तुमच्याकडं नसेल, पण तुमच्या मोबाईलमध्ये दुसऱ्याचं आहे. पार्टीचं ड्रॉइंग, कामगाराचा आधार, गिऱ्हाइकाचा रेट. सुप्रीम कोर्टानं ऑगस्ट २०१७ मध्ये प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे म्हणून निकाल दिला, २०२३ मध्ये डेटा संरक्षणाचा कायदा पण झाला. तेव्हा दुसऱ्याची माहिती सांभाळणं ही आता आपल्या सवडीची गोष्ट राहिलेली नाही, पार्टी ऑडिटला येऊन विचारायला लागलेत.

आणि ॲप टाकलं म्हणजे झालं असं समजू नका. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या मोठ्या मोठ्या मंत्र्यांनी सिग्नलवर येमेनवरच्या हल्ल्याची चर्चा केली आणि त्याच ग्रुपमध्ये चुकून एक पत्रकार ॲड झालेला. कुलूप पक्कं होतं, आत माणूस चुकीचा घेतला. आमच्या शॉपमध्ये आता नियम आहे, प्रत्येक पार्टीचा ग्रुप वेगळा, ग्रुपमध्ये माणूस घ्यायचा अधिकार दोघांनाच, काम संपलं की ग्रुप बंद.

माझ्याकडनं पाचात चार स्टार. एक कापला तो १०० एमबीसाठी, तो त्यांनी वाढवला की पाच देतो. टाकणार असाल तर सेटिंगमध्ये जाऊन आधी पिन लावा, रजिस्ट्रेशन लॉक चालू करा (म्हणजे पिनशिवाय तुमच्या नंबरवर दुसऱ्याला खातं उघडता येत नाही), बॅकअपची की कागदावर लिहून चेकबुक ठेवता त्या कपाटात ठेवा, आणि ज्याच्याकडनं ड्रॉइंग येतं तो माणूस पुढच्या वेळी शॉपवर आला की चहा येईस्तोवर त्याचा सेफ्टी नंबर स्कॅन करून घ्या.